गेनभाऊची न चाललेली करवत

“मॅडम, बघा की. अर्धं कापलंय, अर्धं तुटलंय. आता तुम्ही फक्त सही करा.”

फौजदारांनी टेबलावर वर्तमानपत्र पसरलं होतं. त्यावर आमच्या कंपनीच्या इन्सुलेटरचे दोन तुकडे होते, शेजारी एक करवत होती आणि तिच्या शेजारी माझ्यासाठी चहा. मी एक तुकडा उचलून उजेडात धरला. दांडीचं तोंड निम्म्यापर्यंत सपाट आणि गुळगुळीत होतं. पुढच्या निम्म्यात काचेचे धागे पिंजारून बाहेर आले होते. कोणीतरी निम्मी दांडी कापून ठेवावी आणि उरलेली ताणानं तुटावी, अगदी तसंच दिसत होतं.

भिंतीकडेच्या बाकावर एक उंच म्हातारा बसला होता. पांढरी टोपी, कपाळाला भंडारा, पायांत जाडजूड वहाणा. तो माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, म्या न्हाई कापली. पन कापनार व्हतो, हे खरं हाय.”

“गेनभाऊ, तुम्ही गप बसा,” फौजदार म्हणाले. “सकाळपासून हेच चाललंय ह्यांचं.”

मी तेव्हा पुण्याजवळच्या एका कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला होते. आमचा माल कुठे मोडला की तिथे जायचं आणि तो का मोडला ते शोधायचं, हे माझं काम. आमचे हे म्हणायचे, “हिला मोडक्या वस्तूंची फार आवड, म्हणून तर मला होकार दिला.” ही गोष्ट नव्वदचं दशक सरतानाची आहे. गावाचं नाव मी सांगणार नाही. पेठ आणि लोणी यांच्या मधे कुठेतरी आहे असं धरून चाला.

आता इन्सुलेटर म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं सगळं डोक्यावरून जाईल. वीजवाहिनीची मोठी तार लोखंडी टॉवरला थेट बांधता येत नाही, नाहीतर सगळी वीज टॉवरमधून जमिनीत जाईल. म्हणून मधे एक वीज न वाहणारी वस्तू लावतात, तोच इन्सुलेटर. त्याला दोन कामं. वीज अडवायची आणि तारेचं ओझंही पेलायचं. पूर्वी त्यासाठी चिनी मातीच्या मोठाल्या बशांची माळ असायची. ती इतकी जड की वर चढवताना माणसं घामाघूम व्हायची. मग आमच्यासारख्या कंपन्यांनी नवा कॉम्पोझिट इन्सुलेटर आणला. आत काचेच्या बारीक धाग्यांची, इपॉक्सी नावाच्या गोंदात घट्ट बसवलेली दांडी. बाहेरून रबराचं कातडं आणि दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या. एका माणसानं खांद्यावर टाकून न्यावा इतका हलका. ताकद विचाराल तर त्या दांडीला ट्रक टांगला असता.

तीच दांडी इथे एका दुपारी पटकन तुटली होती. सबस्टेशनच्या आवारात एकशे बत्तीस हजार व्होल्टची तार खडीवर येऊन पडली. तालुक्याच्या पूर्वेकडच्या गावांची वीज गेली. सबस्टेशनचे सीनियर ऑपरेटर ढोबळेअण्णा तेव्हा त्यांच्या गुलाबांना पाणी घालत होते, तार त्यांच्यापासून थोडक्यात चुकली. माणूस वाचला हे नशीब.

संशय गेनभाऊवर यायला कारण होतं, आणि तेही साधंसुधं नव्हतं. गेनभाऊचं मेंढरांचं खानदान, पण त्यांचा जीव बैलांत. आमच्या जुन्नर-आंबेगावात बैलगाड्यांच्या शर्यती म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. घाट म्हणजे चढणीची धाव, तिथे एकेका गाड्याची पाळी येते, तिला बारी म्हणतात. गेनभाऊ बैलांना पळायचा सराव सबस्टेशनला लागून असलेल्या त्यांच्या रानात द्यायचे. नवी लाइन तिथूनच डोक्यावरून गेली. हवा दमट असली की तारा गुणगुणतात. बैल पळता पळता कान टवकारून उभे राहायचे. पुढे माघातल्या यात्रेत घाटावर लाउडस्पीकरनं नेमका तसाच घूं आवाज काढला आणि गेनभाऊंचे चारही बैल अर्ध्या घाटात थांबून वर बघायला लागले. हजारो माणसं हसली. गेनभाऊंनी पुकारणाऱ्याच्या हातातून माईक ओढून घेतला आणि साऱ्या पंचक्रोशीला सांगितलं, “ह्या तारा म्या करवतीनं कापनार. आन ज्याला आडवायचंय त्यानं आडवावं.”

आता तार पडली. त्याच्या काही दिवस आधी एक दिवस देखभालीसाठी लाइन बंद होती, आणि नेमके त्याच दिवशी गेनभाऊ सबस्टेशनच्या कुंपणाच्या आत दिसले होते. घरात करवतही सापडली. फौजदारांना आणखी काय हवं?

“पण साहेब, त्या दिवशी मीच त्याला चहाला बोलावलं होतं,” दारात उभे असलेले ढोबळेअण्णा म्हणाले. अण्णा बारीक अंगाचे, कडक इस्त्रीच्या शर्टातले. शर्टाच्या खिशाला पेन, तेही पुसलेलं. “गेनू तोंडाळ हाय. पण हात लावायचा नाय. आमी लहानपणापासून एका ताटात जेवलोय.”

“अण्णा, तुम्ही साक्षीदार नाही,” फौजदार म्हणाले. “गुन्हा लाइन तोडल्याचा आहे. साधा नाही. आत गेला तर लवकर बाहेर येणार नाही हा माणूस.”

गेनभाऊंनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग हळूच म्हणाले, “चैताची यात्रा तोंडावर आलीय. माझी बैलं दुसऱ्या कुनाच्या हातानं वैरनसुदा खात न्हाईत.”

मला वाईट वाटलं. आणि भीतीही वाटली, कारण सगळा खेळ माझ्या सहीवर होता. मी एक्स्पर्ट. मी “कापलेलं आहे” असं लिहिलं की विषय संपला.

समोरच्या एसटीडी बूथवरून मी आमच्या बापटसाहेबांना फोन लावला. बापटसाहेब म्हणजे माझे बॉस. हुशार, पण फोनवर नेहमी घाईत.

“कापलंय असं म्हणतायत? अरे वा,” साहेब खूश झाले. “म्हणजे आपला माल चांगला. सही कर आणि संध्याकाळच्या गाडीनं निघ.”

“साहेब, मला अजून बघायचंय.”

“शैला, काय बघायचंय? मंडळी स्वतः म्हणतायत कापलंय. आपण कशाला नाही म्हणायचं?”

सोय सगळ्यांचीच होती. लाइन ज्यांची होती त्या खात्याची सोय, कारण देखभालीवर ठपका नाही. कंपनीची सोय, फौजदारांची सोय. बाकावर बसलेल्या त्या एकट्या माणसाची गैरसोय. मी फोन ठेवला आणि बूथवाल्याला विचारलं, “इथं सायकल दुरुस्तीचं दुकान कुठंय?”

परत आले ती हातात हॅकसॉ घेऊन. लोखंड कापायची ती लहान करवत. माझ्या बॅगेत आमच्या दांडीचा एक हातभर तुकडा कायम असायचा, लोकांना दाखवायला. तो मी फौजदारांच्या टेबलावर ठेवला.

“साहेब, हे कापून दाखवा.”

“मी?”

“गेनभाऊ वयानं तुमच्यापेक्षा मोठे. त्यांनी जे केलं म्हणता ते तुम्हाला सहज जमेल.”

बाकावरून कोणीतरी खाकरलं. फौजदारांनी बाह्या सारल्या. पहिले काही हात झोकात गेले. मग पातं कुरकुरायला लागलं. काच ती काच, धाग्यांची असली म्हणून काय झालं. पात्याचे दात बोथट झाले, साहेबांना घाम फुटला आणि टेबलावर पांढरी भुकटी साचली. साहेबांनी ती हातानं झटकली. मग त्याच हातानं मान पुसली.

“आता मला सांगा,” मी म्हणाले, “ही तुम्ही जप्त केलेली करवत. हिचे दात बघा. धारदार आहेत. हिनं काच कापली असती तर ती आता लोणीही कापायच्या लायकीची राहिली नसती.”

“बाभळी कापतो म्या तिनं,” गेनभाऊ म्हणाले.

“दुसरं. करवत म्हटली की पात्याच्या जाडीएवढा माल भुकटी होऊन जातो. दोन तुकडे परत जुळवले तर मधे फट राहते.” मी वर्तमानपत्रावरचे दोन तुकडे उचलले आणि सपाट बाजू एकमेकींना लावल्या. केसाचीही फट नव्हती. “तिसरं, बाहेरचं रबर. कापणारा आधी रबर कापणार ना? हे रबर कापलेलंच नाही. ताणून फाटलंय. दांडी आतून आधी तुटली.”

फौजदार ऐकत होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते मान खाजवत होते. मग कोपर. मग कॉलरच्या आत बोट घालून पाठ.

“मॅडम, हे काय आहे?”

“काचेची भुकटी. चोळू नका, आणखी आत जाते. गार पाण्यानं धुवा. दोन-तीन दिवस राहते.”

“दोन-तीन दिवस?”

“आनि निम्मी दांडी कापनाऱ्याला किती दिवस ऱ्हाईल, ताई?” गेनभाऊंनी साळसूदपणे विचारलं. मग दोन्ही हात पुढे करून फौजदारांना दाखवले. “साहेब, म्या खाजवत न्हाई. ध्यानात घ्या.”

अण्णा दारातच हसले आणि मग घाबरून तोंडावर रुमाल धरला. फौजदारांनी मात्र मोठेपणा दाखवला. “जा म्हाताऱ्या घरी,” ते म्हणाले. “पण तालुका सोडायचा नाही. कापलं नसेल तर मग तुटलं कशानं, ते मला मॅडम सांगतील.”

इथून माझी खरी पंचाईत सुरू झाली. माणसानं कापली नसेल तर दांडी आपोआप तुटली. आपोआप तुटली म्हणजे आमचा माल खराब. सबस्टेशनवर पोचले तर तिथे खात्याचे एक्झिक्युटिव्ह इंजिनियर कदमसाहेब जीपला टेकून उभेच होते. बातमी माझ्याआधी पोचली होती.

“छान केलंत मॅडम,” ते म्हणाले. “तुमच्याच मालाला तुम्हीच फाशी दिलीत. आता सगळे बदलून द्या.”

“द्यायचे असतील तर देऊ. आधी का तुटला ते कळू दे.”

“तुमच्या कंपनीत असं बोलायची पद्धत आहे?”

“नाही. माझी आहे.”

मी खोडदची. माझ्या लग्नाआधी आमच्या शेतांच्या शेजारी रेडिओ दुर्बिणीच्या त्या प्रचंड डिशा उभ्या राहत होत्या, आभाळातलं ऐकायला. रोज एवढं मोठं काहीतरी बघून मोठ्या साहेबांची भीती थोडी कमी होते. हे मी कदमसाहेबांना सांगितलं नाही, पण मनात म्हटलं.

तुटलेला इन्सुलेटर पुन्हा नीट बघायला घेतला. दांडी ओढून ओढून तुटली तर तोंडाशी केरसुणी होते, सगळे धागे लांब-लहान पिंजारतात. इथे निम्मा भाग मुळ्याच्या चकतीसारखा. आमच्या धंद्यात याला ब्रिटल फ्रॅक्चर म्हणतात. ताकद कमी पडली म्हणून हे होत नाही. काचेच्या धाग्यांपर्यंत आम्ल पोचलं, आणि धागे ताणाखाली असले, की एकेक धागा गपचूप तुटत जातो. आवाज नाही, बाहेरून खूण नाही. निम्मे गेले की उरलेल्यांना ओझं झेपत नाही आणि मग ते एकदम फाटतात. प्रश्न एकच. रबराच्या आत बंद असलेल्या दांडीला, आंबेगावच्या रानात, आम्ल पाजलं कोणी?

मग मला टोपी दिसली. म्हणजे दांडीच्या टोकाची लोखंडी टोपी. आमच्या टोप्यांवर जस्ताचा थर असतो, तो पावसापाण्यात राखाडी पडतो पण गंजत नाही. ही टोपी तांबूस झाली होती. जस्त नव्हतंच. नुसतं लोखंड गंजलेलं. टोपीच्या खाचेत काहीतरी लालसर होतं. गंज समजून नखानं उकरलं, बोटावर घेतलं आणि वास घेतला. गंजाला असा वास येत नाही.

“कुंकू आहे,” मी म्हणाले.

“असेल,” कदमसाहेब म्हणाले. “दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, सगळ्या यंत्रांना लावतात. तुम्ही आता कुंकवानं तुटलं म्हणणार का?”

मी बॅगेतून दुर्बीण काढली. उंचावरचा माल बघायला ती लागतेच. तार आवारात येते तिथे एक लोखंडी चौकट असते. तीन तारा, तीन इन्सुलेटर. तुटलेल्याच्या जागी त्यांनी नवा लावून लाइन चालू केली होती, त्याची टोपी राखाडी होती. त्याच्या शेजारचे दोन जुने. मी दुर्बीण फिरवली. दोघांच्याही टोप्या तांबूस होत्या. मग मी सगळं आवार फिरून बघितलं. आमचे बाकीचे सगळे इन्सुलेटर राखाडी. तांबूस टोपीचे एकूण तीन. एक पडला होता, दोन लटकत होते आणि त्यांच्याखालून माणसं ये-जा करत होती.

“कदमसाहेब, लाइन बंद करा. आत्ता.”

“काय?”

“ते दोन कधीही पडतील.”

“मॅडम, पंधरा दिवसांवर यात्रा आहे. काल-परवा वीज गेली तेव्हा लोक सबस्टेशनच्या फाटकावर आले होते. आता तुमच्या कुंकवापायी पुन्हा बंद करू? वर काय सांगू मी?”

“टोप्यांवरचं जस्त आम्लानं गेलंय हे सांगा.”

“कुठलं आम्ल? इथं आम्ल येणार कुठून?”

“माझ्याकडनं,” मागून आवाज आला.

ढोबळेअण्णा होते. हातात पाण्याचा झारा. चेहरा पार उतरलेला.

“साहेब, ते तीन पूजेला मी मांडले होते,” अण्णा म्हणाले. “माल पावसाळाभर आवारात पडून होता. टोप्यांवर पांढरं आलं होतं. देवापुढं तसल्या मळकट ठेवायच्या? बॅटरीरूममधलं आसिड बादलीत थोडं ओतलं आणि तिन्ही टोप्या त्यात उभ्या करून ठेवल्या. बुडबुडे आले. म्हणलं, मळ निघतोय. सकाळी काथ्यानं घासल्या. काय चमकत होत्या. समईसारख्या. मग हळद-कुंकू, फुलं, नारळ. आणि पूजेचा मान म्हणून वर पहिले तेच तीन चढवले.”

सबस्टेशनमध्ये मोठ्या बॅटऱ्या असतात, वीज गेली तरी यंत्रं चालावीत म्हणून. त्यांत गंधकाम्ल. अण्णांना वाटलं मळ निघतोय, पण जे बुडबुडे येत होते ते जस्त विरघळल्याचे. रात्रभरात आम्ल टोपी आणि रबर यांच्या सांध्यातून आत शिरलं आणि तिथेच मुरून बसलं. वरून काथ्यानं घासून ते कसं निघणार? मग दांडी चढली, तार ताणली, आणि दसऱ्यापासून एकेक धागा तुटायला लागला.

अण्णांनी झारा खाली ठेवला. “मी स्वच्छता करायला गेलो, आणि गेनूला चौकीत बसायला लागलं,” ते म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. “साहेब, माझं काय करायचं ते करा. पण आधी लाइन बंद करा. मी रोज त्याखालून जातो. पोरं क्रिकेटचा बॉल आणायला तिथूनच येतात.”

कदमसाहेब तापट होते, पण वाईट नव्हते. त्यांनी अण्णांकडे बघितलं, वर बघितलं, आणि कंट्रोल रूममध्ये फोन करायला गेले. लाइन बंद झाली. त्या दिवशी मला ते आवडले.

दोन्ही इन्सुलेटर खाली उतरवले. बाहेरून बघाल तर ठणठणीत. मी पुण्याला नेऊन ते ओढायच्या मशिनवर चढवले. पहिल्यानं जेवढं पेलायला हवं त्याच्या जवळपासही तो पोचला नाही. तोंड बघितलं तर निम्म्याहून जास्त चकती, थोडीशी केरसुणी. म्हणजे तो आधीच जवळजवळ तुटलेला होता, फक्त पडायचा राहिला होता. मशिनशेजारी स्टुलावर मी जरा वेळ बसून राहिले. दुसरा मी तोडलाच नाही, तसाच लांबीत चिरला. सपाट चीर टोपीच्या तोंडाशी, अगदी आम्ल शिरलं असतं तिथूनच सुरू झाली होती. शंका राहू नये म्हणून एका नव्या दांडीला ताण देऊन आम्लात भिजवलेला बोळा बांधून ठेवला. तीही तशीच चकती होऊन तुटली.

बापटसाहेबांना रिपोर्ट दिला. त्यांनी शेवटचं पान आधी वाचलं, ही त्यांची सवय.

“म्हणजे माल निर्दोष?”

“माल निर्दोष. पण आपल्या कागदावर आम्ल लावू नका असं कुठेही लिहिलेलं नाही. जे काही लिहिलंय ते इंग्रजीत आहे, बारीक अक्षरात, आणि खोक्याच्या तळाला.”

“हे मला तू सुरुवातीलाच का सांगितलं नाहीस?”

“साहेब, तुम्ही मला संध्याकाळच्या गाडीनं निघ म्हणाला होता.”

साहेबांनी चष्मा पुसला. अण्णांना खात्याकडून लेखी समज मिळाली, त्याहून जास्त काही झालं नाही. कदमसाहेबांनी आपल्या रिपोर्टात “अज्ञानातून व सद्हेतूने” असे शब्द घातले होते. सरकारी कागदावर सद्हेतू मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

यात्रेला मी मुद्दाम गेले. भावाला बरोबर घेतलं, म्हटलं चल, माझ्या केसमधले बैल बघू. गेनभाऊंचे बैल घाटावर असे काही सुटले की गाड्यापुढे पळणारी घोडी घाबरली. लाउडस्पीकर त्या दिवशी गुणगुणला नाही. अण्णांनी स्वतः जाऊन त्याची वायर तपासली होती, हे मला नंतर कळलं. बारी झाली आणि गेनभाऊंनी पुन्हा माईक घेतला. फौजदार बंदोबस्ताला तिथेच उभे होते.

“मंडळी,” गेनभाऊ म्हणाले, “म्या तार कापली न्हाई, हे खोडदच्या लेकीनं मशिनवर सिद्द केलंय. आता माजी इज्जत परत आली. पन खरं सांगू का? हे पंधरा दिस लोकं मला लई मान देत व्हती. पोरं वळख दाखवायची, ह्यो बगा तारवाला म्हनून. आता पुन्यांदा नुस्ता गेनभाऊ झालो.” लोक हसले. “आनि आपलं फौजदारसाहेब. लई सज्जन मानूस. त्यांनी माज्यासाठी अंग खाजवलंय, हे म्या इसरनार न्हाई.”

फौजदारांनी मान दुसरीकडे वळवली. मग त्यांनाही हसू आवरलं नाही.

त्यानंतर कंपनीत मी एक भांडण केलं. प्रत्येक खोक्यावर मराठी आणि हिंदीत मोठ्या अक्षरात सूचना छापायची, असा माझा आग्रह. “पूजा जरूर करावी. फूल, हळद-कुंकू चालेल. धुवायचे तर फक्त पाण्याने. आसिड लावू नये.” बापटसाहेब म्हणाले, पहिलं वाक्य काढ, कंपनीच्या खोक्यावर शोभत नाही. मी म्हटलं, ते काढलं तर बाकीचं कोणी वाचणार नाही. लोकांना वाटेल ही बाई पूजेलाच नाही म्हणतेय. वाक्य राहिलं. पुढे परराज्यातून एका इंजिनियरचा फोन आला, की पूजा केली नाही तर वॉरंटी जाते का? मी त्याला सांगितलं, जात नाही, पण तुम्ही सूचना वाचलीत याचा फार आनंद झाला.

पुढच्या खंडेनवमीला अण्णांनी मला बोलावलं. त्यांचं रिटायरमेंटच्या आधीचं शेवटचं वर्ष होतं. नवे इन्सुलेटर चटईवर मांडलेले, राखाडी टोप्या, प्रत्येकीवर कुंकवाचं बोट. झेंडू गेनभाऊंच्या रानातले. गेनभाऊ स्वतः मात्र फाटकाबाहेर उभे.

“आत या की,” मी म्हटलं.

“नगं. मागल्या टायमाला चहाला आत आलो, तर चौकीत बसावं लागलं.”

अण्णा प्रसाद घेऊन फाटकाशी गेले. त्यांनी तो गेनभाऊंच्या हातावर ठेवला. मग अण्णा म्हणाले, “गेनू, माझ्यामुळं तुला तरास झाला. मनात ठेवू नको.”

“मनात काय ठिवायचं,” गेनभाऊ म्हणाले. त्यांनी खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला आणि चटईकडे बोट केलं. “टोप्या कशानं धुतल्या औंदा?”

“पाण्यानं.”

“कुटल्या पान्यानं?”

“विहिरीच्या.”

“कुनाच्या विहिरीच्या?”

“तुझ्याच.”

“मग येतो आत,” गेनभाऊ म्हणाले आणि फाटकाची कडी त्यांनी स्वतःच काढली.

इतकी वर्षं मोडक्या वस्तू बघून मला समजलेलं एवढंच आहे. तुकडा हातात आला की कोणी तोडला हे विचारायच्या आधी दोन्ही बाजू जुळवून बघाव्यात. आणि जुळवायला घेताना शक्यतो भुकटी फौजदारांच्या बाजूला उडेल असं बसावं.